‘चार हात’ची निळी गाडी

मित्रांनो, इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये एका वळणावर विटांचं छोटं घर आहे. त्या घरासमोर पुढच्या दाराला खरचटलेली एक निळी गाडी तुम्हाला दिसेल. तिची चाकं नेहमी रस्त्याच्या दिशेने वळलेली असतात, जणू ती आत्ता निघणार आहे. ती मी. वयाने मी आता जुनी झाले, पण स्वस्थ उभं राहणं मला अजून जमलेलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्रांनी माझे पत्रे जोडले आणि माणसांनी माझी दारं पुन्हा पुन्हा उघडून, मिटून पाहिली. मला सात जणांची जागा दिली होती. त्यामुळे माझ्या नशिबी मोठं घर आणि भरपूर गलका आहे, अशी माझी समजूत झाली. सुरुवातीला झालंही तसंच. मार्गारेट नावाच्या एका आजीने मला विकत घेतलं. तिची नातवंडं माझ्या मागच्या जागांवर उड्या मारत, चिप्स सांडत, समुद्रावरची वाळू पायांनी आत आणत. मार्गारेट त्यांना रागवे आणि मला अंजारून-गोंजारून पुसे. पुढे नातवंडं मोठी झाली, मार्गारेटची नजर अधू झाली आणि एके दिवशी माझ्या काचेवर ‘विकणे आहे’ अशी पाटी लागली.

मला विनयने घेतलं. विनय मूळचा नागपूरचा. सॉफ्टवेअरच्या कामासाठी तो बायको निवेदिता आणि छोटी मुलगी शाल्मली यांना घेऊन इकडे आला होता. निवेदिताला तेव्हा दिवस गेले होते. “दोन मुलं म्हणजे मोठी गाडी हवीच,” असं म्हणून त्याने माझी किल्ली खिशात टाकली. मी हरखून गेले.

पण मित्रांनो, माझा आनंद फार टिकला नाही. विनय लालसर पायवाटेने सायकलवरून स्टेशनला जाई आणि तिथून ट्रेनने लंडनला. निवेदिताला गाडी चालवता येत नव्हती. त्यामुळे आठवडाभर मी दारात उभी. माझ्या टपावर पानं पडत, पक्षी घाण करत, टायरमधली हवा हळूहळू उतरत जाई. शनिवारी भाजीपाल्याला एक फेरी झाली की पुन्हा तेच. शेजारच्या गाड्या सकाळी घाईघाईने बाहेर पडत आणि मी त्यांच्या दिव्यांकडे बघत राही. चाकं असून न चालणं ही फार वाईट गोष्ट आहे.

तेवढ्यात अपूर्वचा जन्म झाला. बाळंतपणाला निवेदिताची आई नागपूरहून यायची होती. बॅग भरून तयार होती म्हणे. पण तिला व्हिसा नाकारला गेला. विनयची रजा संपली आणि तो कामावर गेला. मग त्या घरात दिवसभर निवेदिता, शाळेतून दुपारी येणारी शाल्मली आणि सतत रडणारा अपूर्व, एवढेच राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला निवेदिता दिसे. ती ओट्याशी उभी राहूनच खाई. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पोळीचा तुकडा. तो तुकडा पुष्कळदा तसाच राही.

अपूर्व माझ्यात बसवलं की झोपतो, हा शोध तिला एका दुपारी लागला. मग ती रोज त्याला मागच्या खुर्चीत ठेवी आणि स्वतः माझ्या स्टिअरिंगच्या चाकामागे येऊन बसे. किल्ली फिरवायची नाही, कुठे जायचं नाही, नुसतं बसायचं. तिथूनच ती आईला फोन करी.

“खूप छान चाललंय गं आई,” ती म्हणे. “हो, डिंकाचे लाडू केले ना. झोप? झोप होते की. तू उगीच काळजी करू नकोस.”

लाडू केलेले नव्हते. झोपही होत नव्हती. एकदा फोन ठेवल्यावर तिने माझ्या चाकावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. तिच्या कपाळाने माझा हॉर्न दाबला गेला. मी मोठ्याने ओरडले. अपूर्व दचकून जागा झाला. शेजारच्या डोरीनबाई चपला घालायलाही न थांबता धावत बाहेर आल्या.

“काय झालं गं बाळा? ठीक आहेस ना?” त्यांनी काचेवर टकटक करत विचारलं.

“मी ठीक आहे. फाइन, फाइन,” निवेदिता घाईने डोळे पुसत म्हणाली. डोरीनबाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्यांना ते खरं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

त्या संध्याकाळी विनय सायकल लावत होता तेव्हा निवेदिता दारात येऊन म्हणाली, “मला गाडी शिकव.”

“आत्ता? बाळ एवढंसं असताना?”

“आत्ता. ह्या घरात बसून मला वेड लागेल.”

मग माझ्या पाठीवर लाल ‘एल’ची पाटी चिकटली. मिल्टन कीन्स म्हणजे राउंडअबाउटचं, गोल चौकांचं गाव. एक संपत नाही तोच दुसरं. निवेदिता प्रत्येक राउंडअबाउटपाशी थांबे आणि उजवीकडून येणाऱ्या प्रत्येकाला वाट देत राही.

“अगं जा ना! एवढा मोठा गॅप होता!” विनय शेजारून ओरडे.

“तू ओरडलास म्हणून गेले नाही.”

“मी ओरडलो नसतो तरी गेली नसतीस.”

“मग उतर तू. शाल्मलीला बसवते शेजारी.”

मागून शाल्मली टाळ्या वाजवे. पहिल्या परीक्षेत निवेदिता नापास झाली. त्याच काळात एका खांबाला घासून माझं पुढचं दार खरचटलं. पण दुसऱ्या परीक्षेत ती पास झाली. त्या दिवशी ती मला एकटीने, विनाकारण, गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घेऊन गेली. रेडिओ लावला नाही, कुणाशी बोलली नाही. तिची बोटं मात्र सारखी चाकावर वाजत होती. तिच्या डोक्यात काहीतरी चाललं आहे, हे मला कळत होतं.

ते काय होतं ते लवकरच कळलं. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात तिने ऐकलं की जवळच राहणाऱ्या एका मुलीला बाळ झालं आहे आणि मदतीला कुणी नाही. दुसऱ्या दिवशी निवेदिताने अळिवाची खीर, बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी असे डबे भरले आणि ते माझ्यात ठेवून ती त्या मुलीच्या घरी गेली. तिने बाळाला मालिश केलं, न्हाऊ घातलं, आणि आईला गरम गरम जेवू घातलं. मी बाहेर उभी होते. ती मुलगी निवेदिताला पोचवायला दारापर्यंत आली आणि तिचा हात सोडेना.

“ताई, उद्या याल?” तिने विचारलं. “फुकट नको. पैसे घ्या, पण या.”

परतताना निवेदिता मला जरा जास्तच जोरात चालवत होती.

अशा रीतीने ‘चार हात’ सुरू झालं. तान्ह्या बाळाला आईचे दोन हात पुरत नाहीत, चार लागतात, म्हणून हे नाव. ते ऐकून विनय हसला होता. “लोक आपल्यापासून चार हात लांब राहतील,” तो म्हणाला. पण काचेवर लावायचा पिवळा स्टिकर त्यानेच करून आणला. निवेदिताने सगळं रीतसर केलं. कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, स्वयंपाकघराची नोंदणी केली, बाळाच्या मालिशचा कोर्स केला, माझा विमासुद्धा धंद्यासाठी म्हणून बदलून घेतला. हे विम्याचं ऐकून मला फार भारी वाटलं. आता मी नुसती घरची गाडी नव्हते, कामाची गाडी झाले होते.

मित्रांनो, ती माझी खरी उमेदीची वर्षं. सकाळी शाल्मलीला शाळेत आणि अपूर्वला नर्सरीत सोडलं की आम्ही निघत असू. माझ्या मागच्या जागा पाडून तिथे डबे, पाट, तेलाच्या बाटल्या आणि मऊ पंचे रचलेले असत. ओवा, बाळंतशोपा आणि लसूण यांचा वास माझ्या गाद्यांत कायमचा मुरला. बाया म्हणत, “निळी गाडी दिसली की निम्मं बरं वाटतं.” हे कौतुक ऐकून मी फुगून जाई. फक्त शाल्मलीला तो वास आवडत नसे.

“आई, कारला लसूणचा वास येतो. माझी फ्रेंड आत बसला तर तो हसली,” ती म्हणे. तिचं मराठी इथे वाढलेल्या मुलांसारखं होतं. ‘तो’ कुठे आणि ‘ती’ कुठे, याचा तिला कधी पत्ता लागत नसे. निवेदिता आधी तिचं वाक्य दुरुस्त करी आणि मग काच खाली करी.

आता मी तुम्हाला अक्षयाची गोष्ट सांगते. ती सांगावी म्हणूनच मी इतकं बोलते आहे.

अक्षया राहायची लंडनच्या हॅरो भागात. ती मूळची मुंबईची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिचा नवरा अंशुमन लंडनमध्येच हिशेबतपासनिसाचं काम करत असे. त्यांना निधी नावाची मुलगी झाली तेव्हा अंशुमनच्या आई, सुप्रभाकाकू, पुण्याहून मदतीला आल्या. पण काकूंचे गुडघे धरलेले होते. त्यांना खाली बसून बाळाला न्हाऊ घालता येईना. म्हणून निवेदिताला बोलावणं आलं. हॅरो आम्हाला लांब पडे, पण निवेदिताने हो म्हटलं. मोठ्या हमरस्त्यावरून धावायला मला आवडतं, म्हणून मीही खूश होते.

सुप्रभाकाकूंची आणि निवेदिताची पहिल्यापासूनच कुरबुर चाले. एकदा मी रस्त्यावर उभी असताना आतून धुराचा अलार्म किंचाळू लागला. दार धाडकन उघडलं. पंच्यात गुंडाळलेल्या निधीला छातीशी धरून निवेदिता बाहेर आली. तिच्या मागून धुपाटणं घेऊन सुप्रभाकाकू.

“अहो, धुरी दिल्याशिवाय बाळाची अंघोळ पुरी होते का?” काकू म्हणाल्या.

“काकू, एवढ्याशा जिवाला धूर सोसत नाही. मी नाही देणार.”

“आमची पोरं काय धुराने मेली?”

“तुमचं सगळं ऐकेन, पण हे नाही.”

शेजारचे लोक खिडक्यांतून बघू लागले. अलार्म वाजतच होता. दोघीही निधीकडे बघून भांडत होत्या. मला मात्र दारात उभी असलेली अक्षया दिसत होती. हिवाळ्याचे दिवस, आणि तिच्या पायात काही नव्हतं. ती ह्यांच्याकडे बघत नव्हती, बाळाकडेही नाही. रस्त्यावर कुठेतरी तिची नजर लागली होती. तिला कुणी आत जा म्हटलं नाही.

पुढच्या खेपेला निधी काही केल्या झोपेना. निवेदिता म्हणाली, “अक्षया, चल, हिला गाडीतून एक चक्कर मारून आणू. माझा अपूर्व असाच झोपायचा.” निधीला मागच्या खुर्चीत बांधलं. अक्षया पुढे, निवेदिताच्या शेजारी बसली.

माणसं गाडीत मनातलं बोलतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. दोघांनाही समोर बघावं लागतं, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून असेल.

“झोपली?” अक्षयाने विचारलं.

“झोपली.”

“मग आता घरी नको जाऊया.”

निवेदिताने मला पुढच्या वळणावरून सरळ नेलं.

“ताई, तुमच्याकडे ती किती शांत राहते,” अक्षया म्हणाली. “तुम्हीच ठेवून घ्या ना तिला.”

निवेदिता हसली. मग तिच्या लक्षात आलं की अक्षया हसत नाही आहे. तिने डावीकडचा दिवा लावला आणि रोपवाटिकेच्या दुकानाबाहेर, मोकळ्या जागेत मला थांबवलं. दिवा बंद करायचं ती विसरली. तो टिकटिक करत राहिला.

“अक्षया, थट्टा करते आहेस का?”

“नाही.” अक्षया समोर बघतच बोलत होती. “अंशुमनला जमतं, आईंना जमतं, तुम्हाला जमतं. मी तिच्याकडे बघते आणि मला काही वाटतच नाही. काहीच नाही. सगळे म्हणतात, किती गोड आहे. मला वाटतं, मी इथे नसते तर ह्यांचं सगळं नीट झालं असतं.”

“नसते म्हणजे?”

अक्षया ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का तुझ्या?” निवेदिताने सरळ विचारलं. तिचा आवाज शांत होता, पण चाकावरचे तिचे तळवे घामाने ओले झालेले मला जाणवत होते.

“येतं,” अक्षया म्हणाली. “पण कुणाला सांगू नका. तुम्हाला माझी शपथ आहे, ताई.”

“ही शपथ मी मानणार नाही.”

“ताई!”

“तू माझ्यावर रागाव. जन्मभर बोलू नकोस माझ्याशी. पण हे मी सांगणार. अगं, अपूर्वच्या वेळी मीसुद्धा ह्याच गाडीत बसून रडले आहे. माझं थोडक्यात निभावलं. तुझं थोडक्यात निभावणार नाही. तुला आता माझे लाडू पुरणार नाहीत, डॉक्टर हवेत.”

अक्षयाने तोंड ओढणीत लपवलं. तिचे खांदे हलू लागले. निवेदिताने एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने अंशुमनला फोन लावला. त्याचा आवाज माझ्या स्पीकरमधून आला. निवेदिताने त्याला सगळं सांगितलं.

“ताई, प्लीज, ओव्हररिअ‍ॅक्ट नका करू,” तो म्हणाला. “थकली आहे ती. डॉक्टरांच्या रेकॉर्डवर हे आलं तर सरकारी लोक बाळाला घेऊन जातील आपल्याकडून. तिला घरी आणा. मी लवकर निघतो, बोलतो तिच्याशी.”

“बाळाला कुणी नेत नाही, अंशुमन. मदत देतात.”

“तुम्हाला काय माहीत? आमच्या घरचं आम्ही बघू!”

निवेदिताने डोळे मिटले. क्षणभर मला वाटलं, ती मला घराकडे वळवणार. पण तिने किल्ली फिरवली. “मी तिला तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन चालले आहे,” ती म्हणाली. “तुम्ही थेट तिथेच या.”

मी इतकी जपून कधीच धावले नव्हते. प्रत्येक सिग्नल लाल. मागे निधी झोपलेली, पुढे अक्षया दाराच्या बाजूला अंग चोरून बसलेली. निवेदिताने सगळ्या दारांची कुलुपं लावून घेतली होती आणि ती सारखी अक्षयाकडे बघत होती.

त्याच दुपारी डॉक्टरांनी अक्षयाला तपासलं आणि बाळासह आईला ठेवून घेतात अशा एका रुग्णालयात तिला पाठवायचं ठरवलं. अंशुमन धापा टाकत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो निवेदिताशी एक शब्दही न बोलता आत गेला. परतीच्या वाटेवर निवेदिता माझ्याशी बोलली. एरवी ती माझ्याशी कधी बोलत नाही.

“चुकलं का गं माझं?” ती म्हणाली. मला उत्तर देता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

मग वाईट दिवस आले. सुप्रभाकाकूंनी कुणाला तरी सांगितलं, त्या कुणीतरी आणखी कुणाला. बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोललं जाऊ लागलं की ही मालिशला म्हणून घरात शिरते आणि सुनेला वेडं ठरवते. एजवेअरच्या एका बाईने काम रद्द केलं. मग दुसरीने. काहींनी कारणही दिलं नाही. निवेदिताचा फोन वाजेनासा झाला आणि मी पुन्हा दारात उभी राहिले.

निवेदिताला घरात चैन पडत नव्हती. ती बाहेर येई, स्वच्छच असलेल्या गाद्या पुन्हा झाडी, डबे घासून पुन्हा माझ्यात ठेवी, पुन्हा काढी. मध्येच थांबून फोन बघे.

“तू बरोबर केलंस,” विनय तिला म्हणाला.

“बरोबर केलं तर फोन का वाजत नाही?”

“बरोबर केलं म्हणूनच, कदाचित.”

“असलं शहाणपण नको मला. अक्षया कशी आहे, एवढं तरी कुणी सांगेल का?”

आणि एका पावसाळी सकाळी फोन आला. निवेदिता माझ्यात बसलेली होती. स्पीकरवर आवाज आला, “सुप्रभा बोलतेय.” मग काकूंनी एका दमात विचारलं, “तुम्ही मला रुग्णालयात न्याल का? अंशुमनला आज सुटी मिळत नाही. एकटीने जायचा मला धीर होत नाही. तिथे सगळं इंग्रजी.”

“येते,” निवेदिता म्हणाली. तिने लगेच किल्ली फिरवली.

काकू माझ्यात बसल्या त्या पर्स घट्ट धरून. निवेदिताने पट्टा लावायला मदत केली. हमरस्त्यावर माझे वायपर इकडून तिकडे फिरत राहिले. मोठे ट्रक पाणी उडवत गेले. काकू पर्सची चेन उघडत, मिटत होत्या. मला वाटलं, रुग्णालय आलं तरी ह्या अशाच बसून राहतील.

“अंशुमनच्या वेळी,” काकू एकदम म्हणाल्या, “मी त्याला जवळ घेत नव्हते.”

निवेदिताने माझा वेग थोडा कमी केला.

“दोन महिने. पाजायला दिला की पाजायची, आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. सगळे म्हणाले, हिला बाहेरचं झालंय. उतारे काढले. लिंबू, नारळ, काय काय. माझ्या सासूबाई माझ्या देखत म्हणाल्या, असली कसली आई.” काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. “कुणी विचारलं नाही, तुला काय होतंय. आणि आता मीच माझ्या सुनेला म्हटलं, आमच्या वेळी नव्हती असली थेरं.”

“अंशुमनला माहीत आहे?”

“कुणालाच नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय.”

तोवर ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या काकू निवेदिताला ‘तू’ म्हणाल्या होत्या. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसावं.

रुग्णालयाच्या आवारात मी थांबले. पाऊस ओसरला होता. निवेदिताने काकूंच्या बाजूचं दार उघडलं, पण त्या उतरेनात.

“काय बोलू मी तिच्याशी?” त्यांनी विचारलं.

“जे आत्ता मला सांगितलंत ना, तेच सांगा.”

“मला नाही जमायचं गं.”

“जमेल. मी आहे बरोबर.”

काकू निवेदिताचा खांदा धरून उतरल्या. गुडघे सांभाळत, एक एक पाऊल टाकत त्या काचेच्या दारातून आत गेल्या. मी वाट बघत राहिले. दुपार झाली, ऊन आलं, माझा टप वाळून गेला. परत आल्या तेव्हा दोघींचे डोळे सुजले होते. “माझ्या कुशीत झोपली ती,” काकू म्हणाल्या. “निधी नव्हे हं. अक्षया.”

मित्रांनो, अक्षया काही एका दिवसात बरी झाली नाही. ती तिथे बरेच आठवडे राहिली. कधी बरं वाटे, कधी पुन्हा अंधारून येई. औषधं होती, बोलणं होतं, आणि रोज थोडा थोडा वेळ निधीबरोबर राहणं होतं. निधीला कुणीही घेऊन गेलं नाही. अंशुमन एकदा आमच्या घरी आला. दारात उभा राहून तो खूप वेळ माझ्या खरचटलेल्या दाराकडे बघत राहिला आणि मग निवेदिताला म्हणाला, “ताई, तुम्ही माझं ऐकलं असतं तर...” निवेदिताने त्याला आत नेऊन चहा दिला.

घरी परतल्यावर अक्षयाने बायकांच्या त्याच ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप टाकला. निवेदिताने तो माझ्यात बसून ऐकला. “मी अक्षया,” असा तो सुरू झाला. “माझ्याबद्दल तुम्ही जे ऐकलंत ते खरं आहे. मी आजारी होते. निवेदिताताईंनी माझी शपथ मोडली म्हणून मी आज बोलते आहे.” आवाज कापत होता, पण निरोप शेवटपर्यंत गेला. त्यानंतर फोन वाजू लागले. सगळ्या जणी काही परत आल्या नाहीत. ज्यांना आमची भीती वाटली त्यांची भीती तशीच राहिली. पण नव्या आल्या, आणि त्यांतल्या काही नुसतं मालिश नको म्हणत, “जरा वेळ बसाल का?” असं विचारत.

अक्षया आता पुन्हा बँकेत जाते. शनिवारी मात्र ती आमच्याबरोबर असते. बाळ निवेदिताकडे आणि आई अक्षयाकडे, अशी त्यांची वाटणी आहे. अक्षया फार बोलत नाही. ती त्या आईच्या शेजारी बसते.

मी मात्र थकत चालले आहे. माझ्या पोटाला गंज धरला आहे. थंडीत सुरू होताना मी खोकते. उद्या माझी वार्षिक तपासणी आहे. गॅरेजवाला गेल्या वर्षीच मान हलवत होता आणि विनय विजेवर चालणाऱ्या गाड्यांची चित्रं बघत असतो. मी पास होईन की नाही, कुणास ठाऊक. त्या विचाराने मला आज उभं राहवत नाही.

पण मागच्या शनिवारी मी जे पाहिलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. शाल्मली आता मोठ्या शाळेत जाते. त्या दिवशी ती डबे उचलायला आमच्याबरोबर आली होती. एका घरी नवीन बाळ आलं होतं आणि बघायला पाहुण्यांची गर्दी झाली होती. दार उघडंच होतं. सगळे बाळाभोवती वाकले होते. नाक कुणावर गेलं, डोळे कुणाचे, असं चाललं होतं. त्यांच्या मागे, जिन्याच्या कठड्याला धरून, बाळाची आई उभी होती. तिच्या हातात पाहुण्यांच्या चहाचा ट्रे होता.

शाल्मली बाळाकडे गेली नाही. ती सरळ त्या आईसमोर गेली आणि म्हणाली, “काकू, तुमचं जेवण झाला का?”

ती बाई ‘हो’ म्हणायला लागली. मग तिने मान हलवली. नाही. शाल्मलीने तिच्या हातातला ट्रे काढून घेतला, तिला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि तिच्या मांडीवर डबा उघडून ठेवला. निवेदिता हे बघत होती. त्या दिवशी तिने लेकीचं वाक्य दुरुस्त केलं नाही.

मित्रांनो, मला जपा, पुसा, वेळेवर तेल घाला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी लोखंडाची आहे, माझं काय व्हायचं ते होईल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या ओळखीत कुणाकडे बाळ आलं तर बघायला धावत जा. त्याच्या मुठीत बोट द्या. पण आधी त्याच्या आईपाशी जा, आणि ती उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका. ती ‘फाइन’ म्हणाली तर आणखी थोडं थांबा. आणि कुणी आपलं मोठं दुःख तुम्हाला सांगून ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली, तर ते एकट्याने उचलू नका. ओझी वाहायला आम्ही गाड्या आहोत, तुम्ही मुलं आहात. धावत जाऊन एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. ज्याने शपथ घातली तो रागावेल, रागावू द्या. जगेल, मग रागावेल.

थांबा, दार वाजलं. निवेदिता डबे घेऊन बाहेर येते आहे. तिची पावलं घाईची आहेत, म्हणजे कुणाला तरी आज सकाळीच बाळ झालं असणार. मला निघायला हवं.